निघणाऱ्याला विचारू नये

म्हैसूर, वोंटिकोप्पल
१५ जुलै

वेंकू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला टाकशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते. हे तुझ्या साकेतबद्दल आहे. आता वाच.

तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही. मेल तू उघडणार नाहीस. तुझ्या दाराशी येणं मी तुझी वेदवती गेल्यापासून सोडलं आहे. राहिलं पोस्ट. तुझं कुवेंपुनगर इथून रिक्षाच्या अंतरावर, आणि सख्ख्या धाकट्या भावाला पत्र तिकीट लावून! हसायचं तर हस, पण पूर्ण वाचून झाल्यावर.

साकेतला परदेशात नोकरी लागल्याचं कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस. कळलं, एवढं पुरे. त्याला आलेल्या ऑफर-लेटरचा फोटोही मी पाहिला. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, वर फूल, मागे राघवेंद्रस्वामींची तसबीर. आपल्याकडे देवापुढे ठेवलेल्या कागदावर शंका काढत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. त्याच घरात वाढले मी. दहावीच्या मार्कांपासून स्कूटरच्या पावतीपर्यंत सगळ्याला आईने कुंकू लावलं. पण वेंकू, ते कागद आधी खरे होते आणि मग देवापुढे गेले. तू उलटं केलंस.

माझी एक खोड तुला ठाऊक नसेल. कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून मी सकाळच्या कॉफीबरोबर मेलमधला स्पॅमचा डबा उघडून वाचते. लोक पेपरातल्या निधनवार्ता वाचतात, तसं. मला रोज लॉटरी लागते. कुठल्या तरी देशातली विधवा मला तिची इस्टेट देऊन मरते. माझी वीज आज संध्याकाळी हमखास तोडली जाणार असते, ती वर्षभर चालूच आहे. मजा म्हणून वाचते, हसते आणि पुसून टाकते.

मागच्या आठवड्यात त्या डब्यात मला एक नोकरी आली. गुडघे गेलेल्या, पेन्शन खाणाऱ्या बाईला त्यांनी 'तरुण, तडफदार उमेदवार' म्हणून निवडलं होतं. ग्राहकांशी चॅटवर बोलायचं, टायपिंग यायला हवं, तिकीट, व्हिसा, राहणं, जेवण सगळं कंपनीचं. मी पोट धरून हसले. आणि परवा साकेतच्या लेटरचा फोटो पाहिला, तर वाक्यं तीच. शब्द न् शब्द तोच. कंपनीचं नाव तेवढं वेगळं, आणि खाली सही करणारा मॅनेजरही तोच.

मला उत्तर नको. माझ्याशी बोलूही नकोस. फक्त त्याला एक प्रश्न विचार. ते ऑफिस कुठे आहे? शहर नव्हे. गल्ली, इमारत, दार. लेटरमध्ये वर गोल शिक्का आहे, खाली सही आहे, मधे पत्ता कुठेच नाही.

तो प्रश्न तुझ्या घरात का विचारत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी विचार.

अक्षर हललं आहे ते पेनामुळे. मी घाबरलेली नाही.

तुझी अक्का, तुंगा


म्हैसूर
२० जुलै

वेंकू,

तू पत्र वाचलंस तर! पूजिताकरवी निरोप आला: "अक्काला सांग, मॅनेजरसाहेबांनी आमचा मुहूर्त मान्य केला. असले लोक फसवे नसतात."

म्हणजे पोरीने मला सांगितलं हे तुला कळलंच. तिला रागावू नकोस. भाऊ परदेशी चाललाय म्हटल्यावर ती आनंदाने फोटो दाखवायला आली होती. मी गप्प झाले तेव्हा तिचं तोंड उतरलं. "अत्ते, सुम्ने, उगाच भिऊ नका," म्हणाली, आणि मग हळूच, "पण पत्ता नाहीच, ना?" मी म्हटलं, मग विचार ना दादाला. तर म्हणाली, "कसं विचारू? कुठे जातोस हा शब्दच बेडा, नको म्हणतात ना आप्पा. आमच्या घरात कुणी बाहेर निघालं की सगळे भिंतीकडे बघतात."

आता तुझ्या मुहूर्ताचं. आधी त्यांनी घाई केली, आत्ताच्या आत्ता या, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. तू म्हणालास, आषाढात आमच्या घरातून कुणी लांबच्या प्रवासाला निघत नाही, श्रावण लागू द्या. आणि साहेब लगेच हो म्हणाले, वर "तुमच्या संस्कृतीचा आम्हाला आदर आहे" असंही. तू विरघळलास. अरे, तू आयुष्यभर शाळा चालवलीस. कुठल्या बँकेने राहुकाळ टळेपर्यंत मुलाखत थांबवली होती तुझ्यासाठी? तुझ्या शाळेत रुजू व्हायला आलेल्या मास्तराला तू कधी म्हणालास, अमावास्या जाऊ द्या? खऱ्या नोकरीला आपली गरज नसते रे, आपल्याला तिची असते. जो आपल्या तिथी-वारासाठी थांबतो त्याला आपल्याकडून काही तरी हवं असतं. गळ टाकून बसलेला माणूस घाई करत नाही.

बाकीचं तुला दिसत कसं नाही? मोठी परदेशी कंपनी, आणि मेल येतो तो फुकटच्या खात्यावरून, जसा माझा आहे. मुलाखत झाली ती चॅटवर, साहेबांचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. व्हिसा पर्यटकाचा, "इथे आल्यावर बदलून देऊ." विमानतळावर विचारलं तर फिरायला चाललो म्हणून सांग, असं लिहून दिलंय. नोकरीला जाणाऱ्याला पहिल्याच दिवशी खोटं बोलायला लावणारी ही कसली नोकरी? हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मी साकेतला फोन केला होता. "सुम्निरी अत्ते, गप्प राहा हो, तुम्ही सगळ्यांवरच संशय घेता," म्हणाला. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. शिक्षण संपून बसलेल्या मुलाला सगळे एकच विचारतात, काय चाललंय हल्ली. आता त्याच्याकडे उत्तर आलंय, ते तो कसं सोडेल? नंतर त्याने फोन उचलला नाही. म्हणून तुझ्या मागे लागले आहे. तू बाप आहेस, तुझ्यापुढे त्याला उभं राहावं लागतं.

आणि तू विचारणार नाहीस, कारण मी एकदा विचारलं होतं.

लिहूनच टाकते. वेदवती एच. डी. कोटेला माहेरी निघाली होती. मी स्वयंपाकघरात, हात पिठात. मी तिथूनच ओरडले, "कुठे निघालीस गं?" ती हसली. "झालं! विचारलंत अक्का," म्हणाली, परत आली, खुर्चीवर बसली, पेलाभर पाणी प्यायली आणि मग गेली. जे करायचं असतं ते सगळं तिने केलं. तरी त्या लॉरीने तिला घरी येऊ दिलं नाही. तेराव्याला तू पंगतीतून उठलास आणि मला म्हणालास, "अक्का, तू विचारायला नको होतंस." एवढंच. मी त्याच आठवड्यात बॅग भरली.

तो दोष मी तेव्हाही घेतला नाही, आताही घेत नाही. लॉरी चालवणाऱ्याने माझं काही ऐकलं नव्हतं. पण खरं सांगू, तेव्हापासून मीही कुणाला विचारलेलं नाही. शेजारच्या जयलक्ष्मी पिशवी घेऊन जिना उतरायला लागल्या की मी दार लावून घेते.

म्हणून म्हणते, तू विचार. माझ्या तोंडून नको.

अक्का


म्हैसूर
२५ जुलै

वेंकू,

पेनाला काही झालेलं नव्हतं. मी घाबरले आहे.

श्रावण लागला आज. बुधवारी तो निघणार. तुझा काही निरोप नाही. काल जयलक्ष्मींशी बोलता बोलता साकेतचा विषय निघाला आणि त्यांच्या हातातली ताटली खाली गेली. त्यांच्या बहिणीचा मुलगा, विश्वजीत, के. आर. नगरला असतो. भाताची शेती आहे त्यांची. तोही असाच गेला होता. असंच लेटर, असाच व्हिसा. तो परत आला, पण कुणाशी बोलत नाही, गिरणीवर काम करतो आणि घरात मोबाइल वाजला की परसात जाऊन उभा राहतो. मी आज बसने जाऊन त्याला भेटून आले.

आधी बसू दिलं नाही त्याने. साकेतच्या लेटरचा फोटो दाखवला, तेव्हा बसला. सही पाहून म्हणाला, "हे नाव एका माणसाचं नाही, अम्मा. जो त्या टेबलावर बसेल त्याचं." विमानतळावर गाडी आली. गाडीत चहा दिला, पासपोर्ट "नोंदणीसाठी" घेतला, मग फोन घेतला. गाडी शहरात थांबलीच नाही. नदी ओलांडली. भिंतीवर काटेरी तार असलेल्या इमारतीत नेलं. तिथे याच्यासारखी कितीतरी पोरं रांगेने कॉम्प्युटरपुढे बसलेली. काम काय, तर हेच. नोकऱ्यांचे मेल, लॉटऱ्यांचे मेल, वीज तोडण्याचे मेल. ज्याच्या मेलला कुणी फसलं नाही त्याला उपाशी ठेवायचे आणि मारायचे. कन्नड येतं म्हणून याला आपल्याच भागातल्या लोकांना लिहायला बसवलं होतं. तो सुटला कसा ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परत येताना बसमध्ये मला एकाएकी उमगलं. वेंकू, मी रोज सकाळी कॉफी पिताना ज्यांना हसत होते, ती कुणाची तरी पोरं आहेत. माझ्या डब्यात येणारी ती वेडीवाकडी पत्रं कुणीतरी मार चुकवायला लिहीत होतं. गुडघे गेलेल्या बाईला तडफदार उमेदवार म्हणणारा पोरगा त्या दिवशी जेवला असेल का?

आणि महिन्याभराने त्या डब्यात साकेतने लिहिलेलं काही आलं तर? मी ओळखीन का? मी हसेन आणि पुसून टाकीन. ही भीती मला खाते आहे. उद्यापासून तो डबा माझ्याच्याने उघडवणार नाही.

पोलिसांच्या सायबर विभागातही गेले. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, मुलगा सज्ञान आहे, स्वखुशीने चाललाय, अजून गुन्हा घडलेला नाही; त्याला नाही तर त्याच्या वडिलांना घेऊन या. वडिलांना घेऊन या! मी काय सांगणार त्यांना? मान डोलावली आणि आले.

आणखी एक, लपवणार होते, पण लिहिते. गेल्या मंगळवारी मी तुझ्या घरासमोरच्या बसस्टॉपवर उभी होते. साकेत नवी बॅग घेऊन आला. त्याने मला पाहिलं, हसला, रस्ता ओलांडून आला, वाकून पाया पडला. वेदवतीसारखाच हसतो. "येतो अत्ते," म्हणाला. प्रश्न अगदी ओठांवर आला होता माझ्या. नाही फुटला. मी आशीर्वाद दिला आणि बस नसताना बस आली असं म्हणून निघून गेले.

शिकलेली बाई मी. दुसऱ्यांचे मेल पारखते, आणि एका शब्दाला भिते. वाटलं, मी विचारलं आणि विमानालाच काही झालं तर? तू मला दुसऱ्यांदा सांगशील ते ऐकायला मी जिवंत राहणार नाही.

तू विचार रे. हात जोडते.

अक्का


म्हैसूर
२८ जुलै

वेंकू,

पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे तुझ्या फाटकावरच्या पेटीत मीच टाकून जाते आहे.

बुधवारी सकाळी तो निघायच्या वेळेला मी येणार. टॅक्सी दाराशी असताना, बॅग उचललेली असताना, सगळे भिंतीकडे बघत असताना मी मोठ्याने विचारणार. शेजारीपाजारी ऐकतील इतक्या मोठ्याने. मी अपशकुनी तर अपशकुनी. एकदा फुकट ठरले होते, या वेळी कमावून तरी ठरते.

नको असेल तर फाटकाला कुलूप घाल. मी बाहेरून विचारीन.

अक्का


म्हैसूर
३० जुलै, दुपार

वेंकू,

पोचले. नीट पोचले, हे आधी लिहिते.

सकाळी तू तिथेच होतास, पण तुझं तोंड तुला दिसत नव्हतं, म्हणून मी पाहिलेलं लिहिते. फाटकाला कुलूप नव्हतं. दरवाजाही उघडा होता. टॅक्सीत बॅग चढली होती, साकेतच्या कपाळावर कुंकू, हातात नारळ. मला पाहून पूजिता रडायला लागली. तू माझ्याकडे पाहिलंस आणि लगेच पायरीकडे. मला वाटलं, आता हा मला घालवून देणार. फाटकाचा गज धरला आणि म्हटलं,

"साकेत, कुठे निघालास?"

टॅक्सीवाल्यानेसुद्धा रेडिओ बंद केला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबल्या. साकेतचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, मेले, आता हा ओरडणार. आणि तेवढ्यात तू बोललास. इतक्या वर्षांनी तुझा आवाज मी ऐकला, आणि तू माझ्याशी नव्हे, त्याच्याशी बोललास.

"बस. पाणी पी. मग जा."

विचारलं की बसायचं, पाणी प्यायचं. तू फक्त रीत पाळलीस, की मुद्दाम त्याला थांबवलंस, हे मला अजून कळलेलं नाही. पूजिता पेला घेऊन आली. तो पायरीवर बसला. तिथेच, जिथे वेदवती भाजी निवडायची. तो पाणी प्यायला लागला आणि मी विचारत सुटले, थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

"बँकॉकला," तो म्हणाला.

"बँकॉकला कुठे?"

"ऑफिसात."

"ऑफिस कुठे?"

"गाडी येणार आहे ना अत्ते."

"गाडी कुठे नेणार?"

त्याने पेला खाली ठेवला. त्याला खरंच माहीत नव्हतं. पोराने कपड्यांचे चार नवे जोड घेतले, दाढीचं सामान घेतलं, तुझ्यासाठी तिकडून काय आणायचं ते ठरवलं, आणि कुठे जायचं ते त्याला माहीत नव्हतं. आपण सगळ्यांनी मिळून त्याला न विचारायला शिकवलं होतं.

"आयतु, बरं, विचारतो," म्हणून त्यानेच त्या साहेबाला फोन लावला. स्पीकर त्याने लावला की चुकून लागला, कोण जाणे. साहेब आधी गोड बोलला, हिंदीत. साकेत म्हणाला, सर, ऑफिसचा पत्ता हवाय, घरचे विचारतायत. तो हसला. घरच्यांना काय करायचाय पत्ता? साकेत म्हणाला, नुसती गल्ली सांगा. मग आवाज बदलला. विमानात बसून फोन कर, तेव्हा सांगतो. पुढे साहेब काय म्हणाला ते आपण सगळ्यांनी ऐकलं. तुझं घर कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे, बहिणीचं कॉलेज कुठलं तेही ठाऊक आहे, आज बसला नाहीस तर बघून घेऊ.

साकेतच्या हातातून नारळ पायरीवर पडला आणि गडगडत फाटकापर्यंत आला, माझ्या पायाशी. तू उठलास, त्याच्या हातून फोन घेतलास, बंद केलास. टॅक्सीवाल्याला काही विचारावं लागलं नाही. त्याने आपणहून बॅग काढून ओट्यावर आणून ठेवली.

आता नीट वाच, कारण भीती संपलेली नाही. त्यांच्याकडे साकेतच्या पासपोर्टची प्रत आहे, पत्ता आहे, पूजिताचं कॉलेज आहे. अनोळखी नंबरावरून फोन येतील. कुणी उचलू नका, उत्तर देऊ नका, शिव्यासुद्धा नकोत. बोललं की त्यांना कळतं, माणूस अजून गळाला आहे. चॅट, मेल, लेटर काहीही पुसू नका, आत्तापर्यंतचं सगळं तक्रारीला लागेल. साकेतच्या मेलचा पासवर्ड आजच बदला. सायबरवाल्या त्या बाईंनी वडिलांना आणा म्हटलं होतं. आता वडील आहेत.

साकेतला एकटं ठेवू नकोस. त्याला लाज वाटत असेल. हसणारे हसतील. विश्वजीतचं सांग त्याला, म्हणजे काय टळलं ते कळेल. आणि देवापुढचा तो कागद काढ. मी काढला असता, पण मी आत आले नाही.

मी आत आले नाही, कारण तू ये म्हणाला नाहीस. भांडण म्हणून नाही सांगत. साकेत ओट्यावर टेकला, पूजिता त्याला बिलगली, तू भिंतीला पाठ लावून उभा होतास. मला वाटलं, झालं माझं काम. नारळ उचलला, पायरीवर ठेवला आणि वळले. फाटकाबाहेर चार पावलं गेले असेन, मागून तुझा आवाज आला.

"अक्का, कुठे निघालीस?"

तू. तुझ्या तोंडून. गल्लीत सगळ्यांनी ऐकलं.

मागे वळायचा धीर झाला नाही, रडले असते रस्त्यावर. समोर आली ती रिक्षा पकडली आणि मग वोंटिकोप्पलपर्यंत जीव मुठीत धरून आले. प्रत्येक लॉरीला बघत होते. रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, हळू चालव बाबा, मला विचारलंय. तो म्हणाला, "काय विचारलंय अम्मा?" मी काही सांगितलं नाही.

रीतीप्रमाणे मी परत यायला हवं होतं, बसायला हवं होतं, पाणी प्यायला हवं होतं. मी तशीच आले, आणि मला काही झालं नाही. घरी येऊन जयलक्ष्मींच्या दारावर थाप मारली, त्या बाजाराला निघाल्या होत्या. मी विचारलं, कुठे? त्या म्हणाल्या, कोथिंबीर आणायला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. कुठेच नव्हते निघाले मी. जायला दुसरं घर कुठे आहे?

उद्या सकाळी येते. आधी बसेन. पाणी तू दे.

अक्का